मस्तक–ग्रीवा सुघटन शस्त्रक्रिया

डोके, चेहरा, कान, नाक, ओठ, तोंडाची पोकळी, जबडे आणि मान या भागांत जन्मतः राहिलेले व्यंग, तसेच अपघात, भाजणे, कर्करोग वा अन्य रोग यांमुळे झालेली हानी दूर करून त्या भागाचे कार्य व रूप शक्य तेवढे पूर्ववत करण्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात, तिला मस्तक–ग्रीवा सुघटन शस्त्रक्रिया म्हणतात. व्यवहारात ‘प्लॅस्टिक सर्जरी’ हेच नाव रूढ आहे. या नावातील प्लॅस्टिक शब्दाचा त्या नावाच्या पदार्थाशी काही संबंध नाही. ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आलेला असून कार्ल फोन ग्रेफे (१७८७–१८४०) या जर्मन शस्त्रक्रियातज्ञांनी १८१८ मध्ये नाकाच्या शस्त्रक्रियेवरील आपल्या ग्रंथाच्या नावात तो योजला, तेव्हा प्लॅस्टिक हा पदार्थ अस्तित्वातही नव्हता. तरीही या शस्त्रक्रियेत शरीरात प्लॅस्टिक बसवितात, किंवा ती केवळ धनिकांनी सौंदर्यासाठी करून घ्यावयाची असते, हे दोन्ही समज ग्रामीण भागात व शहरांतही आढळतात. ते निरुपद्रवी नाहीत. हनुवटी छातीला चिकटलेली भाजलेली स्त्री किंवा जबडा काढावा लागलेला कर्करोगी यांना आपल्या दुखण्याचा तज्ञ कोण, हेच या समजांमुळे वर्षानुवर्षे कळत नाही.

मस्तक आणि मान यांचा विचार वेगळा करण्याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. श्वास, गिळणे, चावणे, बोलणे, पाहणे व ऐकणे या क्रियांचे मार्ग काही सेंमी.च्या अंतरात एकवटलेले असतात. एक जखम भरून काढताना दुसरा मार्ग आकसला, तर शस्त्रक्रिया दिसावयास सुरेख होऊनही निष्फळ ठरते. ओठ शिवले पण तोंड उघडेना, किंवा गाल भरला पण लाळ आवरेना, अशी उदाहरणे या क्षेत्रातील प्रत्येकाने पाहिलेली असतात. मात्र चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे हाता–पायांवर जगणार नाहीत असे कातडीचे अरुंद तुकडे येथे जगतात. या शाखेचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पातळ कातडी पूर्णपणे सोडवून जखमेवर पसरतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालील ऊतकातून (समान कोशिकांच्या समूहातून) पाझरणाऱ्या द्रवावर ती पहिले काही दिवस जगते व नंतर तिच्यात केशवाहिन्या शिरतात [→ त्वचारोपण]. दुसऱ्या प्रकारात कातडी, तिच्याखालील चरबी व कधी स्नायू वा हाड यांचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलतात. याला शस्त्रक्रियातज्ञ ‘फ्लॅप’ म्हणतात. झाडाची फांदी देठासकट वाकवून शेजारच्या कुंपणावर टेकवावी, तसा हा प्रकार असतो. देठ शाबूत असेपर्यंत फांदी वाळत नाही. उघडे हाड, तोंडाची पोकळी किंवा किरणोपचाराने निर्जीव झालेला भाग झाकावयाचा असेल, तर पहिला प्रकार पुरत नाही व दुसराच वापरावा लागतो.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेली कानाची पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती वर्णन केल्या असून त्याच अध्यायात नाक नव्याने घडविण्याची कृती दिली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान कापून घ्यावे, त्या मापाची कातडी गालावरून देठ राखून उचलावी, नाकाचा शेंडा खरवडून तेथे ती जोडावी, श्वासासाठी आत दोन नळ्या बसवाव्यात, वर ज्येष्ठमध इत्यादींचे चूर्ण टाकावे आणि कापूस ठेवून त्यावर तिळाचे तेल शिंपडत राहावे, असा तिचा क्रम आहे. रक्तपुरवठ्याची आजची कल्पना त्या काळी नसली, तरी देठ तोडावयाचा नाही हे अनुभवाने पक्के कळलेले होते.

त्यानंतरच्या शतकांत ही विद्या ग्रंथांतून क्षीण झाली. काही कारागीर घराण्यांत मात्र ती हातोहात टिकून राहिली. तिचा सर्वांत सविस्तर पुरावा महाराष्ट्रातील आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ मधील युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आले. नाव पारशी वळणाचे वाटले, तरी इंग्रजी वृत्तांतात त्याला शेती करणाऱ्या जातीचा मराठा म्हटलेले आहे. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. पुढे १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्याला नवे नाक बसवून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शस्त्रक्रियातज्ञांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले व ते वृत्तांतासह लंडनच्या जेंटलमन्स मॅगेझीन या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापले गेले.

त्या वृत्तांतातील कृती आजच्या वाचकालाही स्पष्ट कळते. नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्याभोवती रेघ आखली. रेघेच्या आतील कातडी उचलताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच ठेवली, म्हणजे रक्त वाहत राहील. बुंध्याच्या कडा खरवडून त्यांत चीर पाडली, कपाळाची कातडी पीळ देऊन खाली आणली व तिची कड त्या चिरेत बसविली. जोड पक्का करण्यासाठी पाण्यात मऊ केलेला काथ—विड्यात घालतात तोच—कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा थर एकावर एक दिले. चार दिवस अन्य काही लावले नाही. नंतर तुपात भिजविलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजविले, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील पट्टी तोडली. सुश्रुतांनी गालाची कातडी सांगितली आहे. पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. कपाळाची कातडी नाकाच्या कातडीशी रंगाने व जाडीने अधिक जुळते. आजही मोठ्या प्रमाणावर गेलेले नाक घडविताना कपाळच निवडतात व ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. रुग्णाचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र वृत्तांत लिहिणाऱ्याला टिपून घ्यावेसे वाटले नाही.

हा वृत्तांत वाचून लंडन येथील जोझेफ कार्प्यू (१७६४–१८४६) यांनी मृतदेहांवर सराव केला, योग्य रुग्णाची सु. वीस वर्षे वाट पाहिली व १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. दोन रुग्णांचा अनुभव त्यांनी १८१६ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेथून ही पद्धत यूरोपात पसरली. त्यापूर्वी बोलोन्या येथील गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) यांनी दंडाची कातडी नाकाला जोडण्याची रीत १५९७ मध्ये ग्रंथबद्ध केली होती. पण तीत हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे, व ती मागे पडली. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीझ (१८८२–१९६०) यांनी कातडीच्या देठाची नळी करून ती टप्प्याटप्प्याने दूर नेण्याची रीत १९१७ मध्ये वापरात आणली. आधुनिक शाखेचा पाया येथे घातला गेला.

भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत या विषयाचे स्वतंत्र विभाग सुरू झाले. महाराष्ट्रात नागपूर येथे सी. बालकृष्णन आणि मुंबई येथे जे. जे. रुग्णालयात नोशिर एच. अंतिया (१९२२–२००७) यांनी ते उभे केले. गिलीझ यांच्या हाताखाली शिकलेल्या अंतिया यांनी परत आल्यावर कुष्ठरोगाने बसलेली नाके व वाकडी झालेली बोटे सुधारण्याचे काम हाती घेतले. ज्यांना समाजाने घराबाहेर काढले होते, त्यांच्यासाठी नाक दुरुस्त होणे म्हणजे परत गावात राहता येणे होते. कानाच्या कडेचा गेलेला भाग उरलेल्या कडेचीच कातडी व कूर्चा पुढे सरकवून भरण्याची रीत त्यांनी व्ही. आय. बुच यांच्यासह १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. ती ‘अंतिया–बुच’ या नावाने सर्व देशांतील पाठ्यपुस्तकांत आहे.

तोंडाचा कर्करोग व जबड्याची पुनर्रचना : आज या शाखेचे सर्वांत मोठे काम येथे आहे. जागतिक कर्करोग नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतीय पुरुषांत ओठ व तोंड यांचा कर्करोग हाच सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग होता. दक्षिण महाराष्ट्रात त्याची कारणे दृष्टीसमोर असतात. कोल्हापूरच्या दक्षिणेला निपाणीचा भाग विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. चुना मळून गालात धरलेली तंबाखू, भाजलेल्या तंबाखूची मिशरी, मावा व गुटखा ही व्यसने सर्व वयांत आढळतात. मिशरी हे स्त्रिया व्यसन मानीतच नाहीत. ते त्यांच्या लेखी दात घासणे असते. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण गालाच्या कर्करोगाला दहा-वीस वर्षे मागचा हिशोब असतो. सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावत नसतील, किंवा तोंडातील चट्टा वा व्रण तीन आठवड्यांत भरून येत नसेल, तर तुकडा काढून तपासणे आवश्यक असते. गरम तेलाच्या गुळण्या आणि दात उपटणे यांत गेलेले महिने पुढे परत मिळत नाहीत [→ कर्करोग, तंबाखू].

कर्करोग काढताना त्याच्याभोवतीचा सु. एक सेंमी. निरोगी भागही काढावा लागतो. गालाचा रोग जबड्याला भिडला असेल, तर खालच्या जबड्याचा तुकडा जातो. तो मधला असेल, तर हनुवटी आत बसते, जीभ मागे पडते, लाळ सतत गळते व रुग्ण लोकांत बसून जेवू शकत नाही. बाजूचा असेल, तर उरलेला जबडा एका बाजूला सरकतो व दातांवर दात बसत नाहीत. हे सर्व टाळण्यासाठी पुनर्रचना त्याच भूल-सत्रात करणे इष्ट असते. काही महिन्यांनी, किरणोपचारानंतर, भोवतालचे ऊतक कठीण झालेले व रक्तवाहिन्या जुनाट झालेल्या असतात. तेव्हा हेच काम कितीतरी अवघड होते. म्हणून ‘आधी रोग काढून घेऊ, नंतर बघू’ हा सल्ला नेहमीच शहाणपणाचा नसतो.

जबडा परत घडविण्यासाठी पोटरीच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड उत्तम ठरले आहे. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये त्याचा जबड्यासाठी केलेला उपयोग प्रसिद्ध केला. या हाडावर शरीराचे वजन फारसे येत नाही. घोटा व गुडघा यांजवळ सु. ६ ते ८ सेंमी. भाग सोडून मधला भाग त्याच्या रोहिणी, नीला व वरील कातडीसह काढतात, त्याला ठिकठिकाणी कापून जबड्याचा वाक देतात व टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवितात. नंतर मानेतील रोहिणी व नीला यांना त्याच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. या वाहिन्यांचा व्यास दोन-तीन मिमी. असतो आणि शिवण्याचा धागा केसाहून बारीक असतो. गाल वा जीभ यांसाठी मनगटाजवळच्या भागाची पातळ कातडी (चीनमध्ये प्रथम वापरलेली; १९८१ मध्ये प्रसिद्ध) किंवा मांडीच्या पुढील-बाहेरील बाजूची कातडी वापरतात. रोग काढणारा व घडविणारा असे दोन गट एकाच वेळी काम करतात, तरी आठ ते बारा तास लागतात. अनुभवी केंद्रांत सु. ९५% तुकडे जगतात. न जगण्याचे मुख्य कारण जोडलेल्या नीलेत रक्ताची गुठळी होणे हे असते व ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. तुकड्याचा रंग जांभळट होऊ लागला, की काही तासांत रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन गुठळी काढावी लागते. त्यामुळे रात्री दर तासाला तुकड्याचा रंग, ऊब व सुईने टोचल्यावर येणारे रक्त पाहणारी प्रशिक्षित परिचारिका नसेल, तर उत्तम हाताचा शस्त्रक्रियातज्ञही अपयशी ठरतो.

सूक्ष्मवाहिनी शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा छातीच्या मोठ्या स्नायूसह वरील कातडी गळपट्टीच्या हाडावरून मानेवर व तोंडात आणतात. स्टीफन आरियान यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत सूक्ष्मदर्शकाशिवाय, कमी वेळात व भरवशाने करता येते. गर्दीच्या रुग्णालयांत तिने असंख्य रुग्णांना तारले आहे. ती जुनी म्हणून कमी प्रतीची समजणे चुकीचे होय. वृद्ध, मधुमेही वा हृदयविकाराच्या रुग्णाला बारा तासांच्या भुलीपेक्षा तीच हितकर असते. मात्र तिने हाड मिळत नाही आणि छातीवर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, मोठे वैगुण्य राहते. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असल्यास ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. जखम चिघळून तो काळ टळला, तर सुंदर पुनर्रचनेचाही उपयोग उरत नाही. घडविणाऱ्याने कोणती रीत निवडावी हे ठरविताना हे गणित प्रथम येते.

भाजल्यानंतरचे मानेचे आकुंचन : स्टोव्हचा भडका, चुलीवर पेटलेला पदर किंवा अंगावर ओतलेले रॉकेल यांत मानेची पुढील बाजू खोलवर भाजते. जखम आपोआप भरू दिली, तर व्रण आकसत जाऊन हनुवटी छातीला चिकटते, खालचा ओठ उलटा होतो व तोंड मिटत नाही. खोल भाजलेल्या मानेवर दोन-तीन आठवड्यांत कातडी लावली व पुढे कित्येक महिने मानेला पट्टा बांधून ती ताणलेली ठेवली, तर हे बहुतांशी टळते. रुग्णाला उशीशिवाय, खांद्याखाली घडी ठेवून निजविणे हा बिनखर्चाचा उपायही फार मोलाचा आहे. प्रत्यक्षात घरी आल्यावर मायेने उशी दिली जाते. जुने आकुंचन सोडविताना खरा धोका भुलीचा असतो. मान मागे वळत नसल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. तेव्हा आधी तेवढ्याच जागेला बधिर करून व्रण कापतात, मान थोडी सुटली की नळी घालतात व मग पूर्ण भूल देतात. अशा रुग्णांना तज्ञ भूलतज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जावे लागते. आम्लहल्ल्यातील रुग्णांवर शासकीय वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१३ मध्ये आलेली ही तरतूद २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे.

यंत्रात केस अडकून डोक्याची संपूर्ण कातडी उपटली जाणे हा मळणी यंत्र व पट्ट्यावर चालणारी यंत्रे यांच्या सान्निध्यात होणारा अपघात आहे. उपटलेला भाग फेकून न देता ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी; बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये. लुधियाना येथे अब्राहम थॉमस यांनी १९९४ मध्ये मळणी यंत्रात डोक्याच्या कातडीसह चेहरा गमावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तो परत जोडून दिला. नातलगांनी तो तुकडा पिशवीत घालून आणला होता म्हणूनच हे शक्य झाले.

जन्मजात व्यंगे : दुभंगलेला ओठ व टाळू हे यांतील प्रमुख होत. हजार जन्मांमागे सु. एका बालकात ते आढळते. गर्भारपणी ग्रहणात विळीने काही चिरले म्हणून ओठ फाटतो, ही समजूत अजूनही सुनेला दोषी ठरविण्यास उपयोगी पडते. तिला कोणताही आधार नाही. गर्भाचे ओठ मातेला दिवस गेल्याचे जेमतेम कळते तेव्हाच, सहाव्या-सातव्या आठवड्यात, जुळावयाचे असतात. सु. तीन महिन्यांच्या, पुरेसे वजन व रक्त असलेल्या बालकाचा ओठ आणि नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळू शिवतात. टाळूला उशीर झाल्यास बोलणे कायमचे अनुनासिक होते. तोपर्यंत बालकाला उभे धरून बोंडल्याने वा चमच्याने दूध पाजावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) या व्यंगाची नोंद व उपचार यांची सोय आहे.

कान जन्मतःच नसल्यास सहा ते दहा वर्षांच्या वयात बरगडीची कूर्चा कोरून तो घडवितात. कानाच्या बाबतीत कोल्हापूरचा एक खास प्रकार सांगण्याजोगा आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती वाढली आणि तालमींत डोक्याला डोके घासून मल्लांच्या कानांत कूर्चा व तिच्या आवरणामध्ये रक्त साचते. ते पहिल्या काही दिवसांत काढून कान दोन्ही बाजूंनी दाबून शिवला, तर कान पूर्ववत राहतो. तसे न केल्यास तेथे नवी वेडीवाकडी कूर्चा तयार होऊन कान गाठीसारखा कडक होतो. पण असा कान ही कसलेल्या मल्लाची खूण मानली जात असल्याने त्याच्या दुरुस्तीसाठी सहसा कोणी येत नाही, आणि आल्यास बहुधा लग्न ठरल्यावर येतो.

तज्ञाची निवड : या भागावर शस्त्रक्रिया करणारे निरनिराळ्या शिक्षणाचे असतात, व रुग्णाचा गोंधळ येथेच होतो. सुघटन शस्त्रक्रियातज्ञ हा सामान्यतः शस्त्रक्रियेतील एम. एस. नंतर तीन वर्षांची एम. सीएच. (प्लॅस्टिक सर्जरी) किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तत्सम पदवी घेतलेला असतो. कर्करोग काढणारा बहुधा कर्करोग-शस्त्रक्रियेचा वा मस्तक–ग्रीवा शस्त्रक्रियेचा एम. सीएच. असतो. कान-नाक-घसातज्ञ एम. एस. असतात, तर मुख-जबडा शस्त्रक्रियातज्ञ दंतवैद्यकातील एम. डी. एस. असतात, जबड्याचे अस्थिभंग हे त्यांचे हक्काचे क्षेत्र आहे. यांपैकी काहींनी पुनर्रचनेचे विशेष प्रशिक्षणही घेतलेले असते. त्यामुळे केवळ पदवीवरून एकाला योग्य व दुसऱ्याला अयोग्य ठरविता येत नाही. पण ‘कॉस्मेटिक सर्जन’ एवढेच फलकावर लिहिलेले असेल, तर ती कोणतीही मान्य पदवी नव्हे हे ध्यानात घ्यावे. वैद्याची नोंदणी व त्याची नोंदविलेली पदवी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येते. दंतवैद्यांसाठी स्वतंत्र परिषद आहे.

पदवीनंतर विचारावयाचे प्रश्न साधे असतात. अशा प्रकारची शस्त्रक्रिया येथे वर्षात किती वेळा होते? रोग काढणारा व घडविणारा एकत्र बसून योजना ठरवितात काय? सुघटनतज्ञ रुग्णालयात पूर्ण वेळ असतो, की ठराविक वारी बाहेरगावाहून येतो, आणि तसे असल्यास रात्री तुकडा काळवंडला तर कोण येतो? घशात नळी ठेवावी लागेल काय व ती केव्हा निघेल? गिळण्याचे व बोलण्याचे शिक्षण देणारा कोणी आहे काय? चांगला तज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. जो शंभर टक्के हमी देतो किंवा दुसऱ्या तज्ञाचे मत घेण्यास हरकत घेतो, त्याच्याबद्दल सावध राहणे बरे.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून शहरात खासगी वैद्यकीय महाविद्यालय व कर्करोग उपचार केंद्रेही आहेत. सु. ५० किमी.वर मिरज हे जुने वैद्यकीय केंद्र आहे, तर बेळगाव सु. ११० किमी. व पुणे सु. २३० किमी. अंतरावर आहे. तरीही तोंडात व्रण दिसताच रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) जाण्याचा प्रघात जिल्ह्यात दृढ आहे. गुंतागुंतीच्या वा परत उद्भवलेल्या रोगात तो योग्यच आहे. परंतु दुभंगलेला ओठ, जबड्याचा अस्थिभंग, लहान कर्करोग वा मानेचे साधे आकुंचन यांसाठी मुंबईत पदपथावर आठवडे काढण्याचे कारण नाही. शिवाय किरणोपचार रोज पाच-सहा आठवडे घ्यावयाचे असतात, आणि शस्त्रक्रिया मुंबईत करून घेतलेले कित्येकजण राहण्याची सोय नसल्याने ते अर्धवट सोडतात. शस्त्रक्रिया कोठेही झाली, तरी पुढचे किरणोपचार घराजवळ कोठे घ्यावयाचे हे आधीच ठरवून घ्यावे.

खर्चासाठी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी राज्य योजना आहे. तीत कर्करोग, भाजणे व सुघटन शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. लाभ फक्त अंगीकृत रुग्णालयांत मिळतो व नियोजित शस्त्रक्रियेची मंजुरी आधी घ्यावी लागते. त्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन जावे. रोग काढण्याबरोबर पुनर्रचनाही मंजुरीत धरली आहे काय, हे स्पष्ट विचारावे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवणे बंधनकारक आहे.

एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना क्ष-किरण व अन्य प्रतिमांच्या तबकड्या, शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल आणि काढलेल्या तुकड्याचे मेणातील ठोकळे व काचपट्ट्या मागून घ्याव्यात. हे ठोकळे रुग्णालयाच्या विकृतिविज्ञान विभागात जपून ठेवलेले असतात व अर्ज केल्यास मिळतात. ते बरोबर नसल्यास नव्या ठिकाणी तुकडा पुन्हा काढून तपासावा लागतो आणि त्यात सु. दोन आठवडे जातात.